माझ्या हाताखाली वाढलेली जखम

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या जखमा धुण्यात गेलं. सोलापुरातल्या एका खाजगी सर्जनच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे काय हे पुष्कळांना कळत नाही, कंपाउंडर म्हटलं की मान डोलावतात. कंपाउंडर वेगळा, मी वेगळा. ऑपरेशन झालं की डॉक्टर मोकळे होतात. पुढचे पंधरा-वीस दिवस त्या टाक्यांची, पूची, पट्टीची जी काय उस्तवार असते ती ड्रेसर करतो. शुगरने सडलेले पाय, लूममध्ये सापडलेली बोटं, रंगाच्या गरम पाण्याने भाजलेले हात, असं सगळं माझ्या टेबलावर आलं आणि बहुतेक बरं होऊन गेलं. पेशंट सरांच्या पाया पडायचे आणि जाताना मला हळूच म्हणायचे, "हात हलका आहे हो तुमचा." त्या एका वाक्यावर मी जगलो म्हटलं तरी चालेल. आणि त्याच हातांनी माझ्या सख्ख्या बहिणीच्या पायाचं जे केलं, ते आज लिहायला बसलो आहे.

ही बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणतो. लग्न होऊन ती गावातच राहिली, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दाजी, म्हणजे तिचे यजमान, पॉवरलूमवर टॉवेल विणायचे आणि अक्का घरी पायमशीनवर टॉवेलांच्या कडा शिवायची. दोघंही अबोल. दाजी तर इतके की लग्नात कुणीतरी मागून ढोसलं म्हणून त्यांनी हार घातला, असं मी सगळ्यांना रंगवून सांगत असे. मला थट्टेची भारी खोड. कुणाचं चालणं, कुणाचं घोरणं, काही सुटायचं नाही. समोरचा हसला की मला वाटायचं, त्यालाही आवडलं.

अक्काचा पोटाचा त्रास कधी सुरू झाला ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच दिसायचं की ती जेवता जेवता ताटावरून उठते. त्यांच्या चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एक संडास, तोही अंगणाच्या पार टोकाला. हातात बादली घेऊन ती लगबगीने निघायची आणि परत येताना भिंतीला धरून यायची. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पंगत बसली होती. मी वाढत होतो. अक्का दुसऱ्यांदा उठली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भोंगा झाला बघा अक्काचा." गिरण्यांचं गाव आमचं, भोंगा झाला की हातातलं टाकून पळायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सगळी पंगत हसली. अक्कासुद्धा हसली. मग ते तिला चिकटलंच. ती उठली की कोणीतरी म्हणायचं, भोंगा झाला. हळूहळू ती आमच्याकडे जेवायला यायची बंद झाली. बोलावलं की म्हणायची, "सैपाक झालाय की घरी." मी बायकोला म्हणालो, वय झालं की माणूस घरकोंबडा होतो. यापलीकडे मी त्याचा विचार केला नाही.

मधूनमधून तिच्या पायांच्या नळीवर गाठी यायच्या. लिंबाएवढ्या, लालभडक, मग जांभळट होत जाणाऱ्या. हात लावला की तिला कळ जायची. पंधरा-वीस दिवसांनी आपोआप बसायच्या आणि काळसर डाग उरायचा. त्याच दिवसांत तिचं तोंडही यायचं. भाकरी दुधात कुस्करून खायची. एकदा तिने मला घरी बोलावून पाय दाखवला. मी बघितलं न बघितलं केलं आणि म्हणालो, उष्णता आहे. सोलापुरात उष्णता म्हटलं की तपास संपतो. तोंड आलं उष्णता, डोळे आले उष्णता, भांडण झालं तरी उष्णताच. मी तिला सब्जा भिजवून प्यायला सांगितलं, गुलकंद खा म्हणालो आणि शेंगाची चटणी कमी कर म्हणून वर दोन शब्द सुनावले.

तेव्हा ती म्हणाली होती, "पोट बिघडलं की मग ह्या गाठी येत्यात बघ. पोट बसलं की ह्या बी बसत्यात."

"पोटाचा आणि पायाचा काय संबंध?" मी म्हणालो. वर हसलोही असेन. सवयच तशी होती.

पुढे जे एका शिकलेल्या डॉक्टरणीने मला समजावून सांगितलं, ते या सातवी शिकलेल्या बाईने आधीच ओळखलं होतं. तिने वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर लक्ष ठेवून शोधून काढलेली गोष्ट तिने माझ्या हातात दिली आणि मी ती सब्जाच्या पाण्यात घालवली. याचं वाईट वाटतं, असं नुसतं म्हणून भागत नाही. मला त्याची लाज वाटते.

आणखी एक. एका रविवारी मी मॅच बघत होतो, तेव्हा बायको शेजारी येऊन म्हणाली, "वन्संना रक्त जातंय संडासला. तुम्हाला सांगायला लाजतायत, मला म्हणाल्या." मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, मूळव्याध असेल. दवाखान्यातून मलमाची एक ट्यूब आणली आणि बायकोच्या हाती पाठवून दिली. किती दिवस जातंय, किती वेळा जावं लागतं, पोटात कळ येते का, वजन उतरलंय का, यातलं काही विचारलं नाही. परका पेशंट असता तर विचारलं असतं. आपल्या माणसाला आपण ओळखतोच, असं मला वाटायचं.

जखम झाली ती अगदी साध्या कारणाने. दिवाळीच्या साफसफाईत खालचं झाडायला म्हणून अक्काने एकटीने मशीन ओढली आणि तिचा लोखंडी पाय नडगीवर आदळला. थोडं खरचटलं. हळद लावली, विसरली. तीन-चार दिवसांनी तिथे एक पिवळी पुळी आली, ती फुटली, आणि आठवड्याभरात रुपयाएवढी जखम झाली. मग मला बोलावणं आलं. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. नुकताच निवृत्त झालो होतो. घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसत होतो. पिशवीत कात्री, चिमटा, स्पिरिट, पेरॉक्साइड, गॉज भरलं आणि निघालो.

खिडकीजवळ उजेडात तिला बसवायचो, पाय स्टुलावर घ्यायचो. जखमेच्या कडेचं कातडं जांभळं पडलेलं असायचं आणि खालून पोकळ. अशी पोकळ कड म्हणजे आत पू दडून बसणार, हे एकतीस वर्षांत अंगात भिनलेलं. मी ती कड कात्रीने छाटायचो, तळातलं पिवळं खरवडून काढायचो, पेरॉक्साइड ओतायचो, फेस आला की पुसून घ्यायचो. तळ लालबुंद, स्वच्छ दिसला की माझं समाधान व्हायचं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडावी तर कड पुन्हा जांभळी, पुन्हा पोकळ, आणि जखम बोटभर पुढे सरकलेली. मग मी आणखी निगुतीने छाटायचो.

अक्का पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. "लई ठणकतंय रे," ती म्हणायची, "थोडं ऱ्हाऊ दे की आज." मी म्हणायचो, "मेलेलं मांस निघाल्याशिवाय नवं येत नाही अक्का. दोन मिनिटं सोस." जखमेच्या मानाने तिचं दुखणं फार होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी त्याचा अर्थ वेगळाच लावला. वय झालं, सोसवेना झालंय, असं मी बायकोला सांगितलं.

एकदा दाजी दारात उभे होते. दिवसपाळी संपवून आले होते, केसांत सुताचा कापूस. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रोज कापताय, रोज वाढतीया. दोन दिस नुसती झाकून ठिवली तर?"

"दाजी, तुम्ही लूम बघा. जखम मी बघतो," मी म्हणालो. ते आत गेले आणि हातपाय धुवायला लागले.

महिन्याभरात जखम तळहाताएवढी झाली तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. तिला रिक्षात घालून आमच्या सरांकडे नेलं. शुगर तपासली, नव्हती. पू तपासायला पाठवला, त्यात जंतू सापडले नाहीत. औषधांचे डोस झाले, उतार नाही. सर म्हणाले, "भूल देऊन एकदा खोलवर साफ करू आणि लगेच मांडीची कातडी काढून लावू." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मीच गेले दोन दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. त्यांच्या हाताखाली असे कितीतरी पाय कातडी लावून बरे झालेले मी पाहिले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले. नवीन होते, कागद हातात घेऊन एकेक विचारत गेले. दमा आहे का, छातीत दुखतं का, आधी ऑपरेशन झालंय का. अक्का कॉटवर बसली होती, मी शेजारी उभा होतो, आणि उत्तरं मी देत होतो. आमच्याकडे हे असंच चालतं. पेशंट गप्प बसतो आणि नातेवाईक बोलतो. त्यातून नातेवाईक दवाखान्यातला असला तर विचारूच नका. डॉक्टरांनाही बरं पडतं, कारण काम लवकर उरकतं.

"पोटाचा काही त्रास? संडासला व्यवस्थित होते?"

"काही नाही सर," मी म्हणालो. "एकदम ठणठणीत आहे."

त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. अक्काने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईबद्दल सांगतंय आणि आपण ऐकतोय, असं ते बघणं होतं. मग ती पुन्हा आपल्या हातांकडे बघायला लागली.

मी तसं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला. मी विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. ट्यूब मीच पाठवली होती, भोंगा मीच म्हणालो होतो. पण रक्ताचं नाव काढलं तर आणखी तपासण्या निघतील, उद्याचं ऑपरेशन पुढे जाईल, सरांची गैरसोय होईल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि खरं म्हणजे आपल्या घरातल्या बाईच्या संडासाविषयी आपल्याच दवाखान्यात, ओळखीच्या नर्सेससमोर बोलायची मला लाज वाटली. भर पंगतीत थट्टा करताना ती वाटली नव्हती.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सरांनी पट्टी मलाच सोडायला सांगितली. लावलेली कातडी काळी पडून गॉजबरोबर उचलून आली. खालची जखम पहिल्यापेक्षा मोठी. ते एक वेळ मी समजू शकलो असतो, कातडी कधी कधी धरत नाही. मग मी मांडीची पट्टी सोडली. मांडीवरून कातडी काढतात ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. ढोपर खरचटावं तेवढंच ते, पंधरा दिवसांत आपोआप भरून येतं. ती जागा मी शेकडो पेशंटांची पाहिली आहे, तिची काळजी कधी करावी लागत नाही. अक्काच्या मांडीवर ती जागा खचली होती आणि तिच्या कडा जांभळ्या, पोकळ झाल्या होत्या. हुबेहूब नडगीवरच्यासारख्या. एका जखमेच्या आम्ही दोन केल्या होत्या.

माझ्या हातात चिमटा होता आणि पहिल्यांदाच मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. अक्का म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, भरून येतंय." हे खोटंही मी बोललो, ते इथे लिहून ठेवतो.

सर सज्जन माणूस. त्यांनी दोन्ही जागा पाहिल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे माझ्या हातातलं काम नाही. आता याला कुणीही सुरी लावायची नाही." त्यांनी दुसऱ्या दवाखान्यातल्या एका कातडीच्या डॉक्टरणीला फोन केला आणि आम्ही तिकडे गेलो.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. मी आपलं सवयीप्रमाणे सुरू केलं: अमुक तारखेला लागलं, अमुक औषध दिलं, तळ असा होता, कड अशी होती. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं. तेवढ्या वेळात ती माझ्याकडे नाही, अक्काकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला यांच्याशी बोलायचंय."

"तिला नीट सांगता येणार नाही," मी म्हणालो. "मी दवाखान्यातलाच आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि उठून दार उघडून धरलं.

मला राग आला होता. बाहेर दाजी बाकावर बसले होते. मी त्यांना म्हणालो, आजकालच्या पोरींना अनुभवी माणसाची किंमत नाही. दाजी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. पाऊण तास दार बंद होतं. पाऊण तास अक्का बोलत होती. आयुष्यात ती माझ्यासमोर सलग पाच मिनिटं बोललेली मला आठवत नाही.

मग आम्हाला आत बोलावलं. अक्काचे डोळे लाल होते पण चेहरा मोकळा होता. डॉक्टरीण दाजींकडे बघून साध्या मराठीत बोलली. यांच्या मोठ्या आतड्याला बरीच वर्षं सूज असावी, दुर्बिणीने बघून खात्री करावी लागेल. या आजारात काही जणांच्या पायावर गाठी येतात, तोंड येतं, आणि थोड्या जणांना अशा जखमा होतात. ही जखम जंतूंची नाही. अंगातली जी ताकद जंतूंशी लढायची, तीच चुकून आपल्या कातडीवर उलटलेली आहे. अशा कातडीला साधा ओरखडा गेला तरी ती चवताळून उठते. "म्हणून जितकी छाटाल तितकी ती वाढते," ती म्हणाली. "मांडीवर चांगल्या कातडीला सुरी लावली, तर तिथेही झाली. रोज कोण साफ करत होतं?"

"मी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि कागदावर लिहायला लागली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुर्बिणीच्या तपासात आतड्यात खालपासून वरपर्यंत व्रण दिसले. मूळव्याध नव्हतीच. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आतड्याच्या वेगळ्या. आठ-दहा दिवसांत जखमेच्या कडेचा जांभळा रंग फिका पडायला लागला आणि अक्काचं ठणकणं थांबलं. ज्या कडांमागे मी कात्री घेऊन दीड महिना धावलो त्या आपणहून खाली बसल्या. डॉक्टरणीने आधीच बजावलं होतं की आतड्याचा आजार मुळासकट जाणार नाही, ताब्यात ठेवावा लागेल, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. गोळ्यांनी अक्काचं तोंड सुजलं, शुगर वाढली. पण रात्रीची झोप यायला लागली, तेवढ्यावर ती खूश होती.

पट्टीचं डॉक्टरणीने सांगितलं होतं ते असं: उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, वर न चिकटणारी मऊ पट्टी, घासायचं नाही, ओढायचं नाही, कात्री घरातसुद्धा नको. अक्काला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पिशवी घेऊन गेलो. कात्री, चिमटा काढून ठेवून, नुसतं गॉज घेऊन. बघतो तर दाजी जमिनीवर बसले होते आणि अक्काचा पाय त्यांच्या मांडीवर. वाटीतलं पाणी ते कापसाने जुन्या पट्टीवर थेंब थेंब सोडत होते आणि थांबत होते. पट्टी सुटेना तरी ओढत नव्हते, पुन्हा पाणी सोडत होते. जन्मभर लूमवर तुटलेला धागा सांधलेला माणूस, शेजारच्या धाग्याला कळू न देता. बऱ्याच वेळाने पट्टी आपली आपण सुटून आली. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या तोंडात पदर नव्हता. एकतीस वर्षांत मी कधी एवढा वेळ थांबलो नव्हतो. माझा हात हलका होता असं लोक म्हणायचे. मला वाटतं, तो नुसता चपळ होता.

"ये की. च्या घे," अक्का म्हणाली.

मी पुढे होऊन म्हणालो, "बघू." आणि वाकलो. तिने पाय मागे घेतला. जेमतेम इंचभर. तिचं तिलाही कळलं नसेल, कारण लगेच तिने तो पुन्हा पूर्वीच्या जागी ठेवला आणि म्हणाली, "बघ की." पण मी तो इंच पाहिला होता. ज्या माणसाने दुखवलेलं असतं त्याच्यापुढे पाय असा मागे जातो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. मी लांबूनच बघितलं आणि चहा पिऊन घरी आलो. पिशवी तेव्हापासून माळ्यावर आहे.

जखमा भरायला सहा महिने लागले. नडगीवरचं कातडं आता जुन्या कागदासारखं पातळ आणि सुरकुतलेलं आहे, घोटा पुरता वळत नाही. मशीन तिने विकून टाकली. मांडी घालून बसता येत नाही, खुर्ची लागते. मांडीवरचा डाग मी पाहिलेला नाही आणि पाहायचं धाडसही नाही. तो डाग आजाराने दिलेला नाही, मी दिलेला आहे.

एकदा तिच्याकडे दोघंच होतो. ती शेंगा सोलत होती. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी भुलीच्या डॉक्टरांनी पोटाचं विचारलं, तेव्हा तू का नाही बोललीस?"

ती सोलायची थांबली नाही. "तू बोलत हुतास की," ती म्हणाली.

मी म्हणालो, "चुकलं माझं अक्का."

"जाऊ दे. हुतं तसं," ती म्हणाली आणि मूठभर दाणे माझ्यापुढे सरकवले. मला वाटलं होतं, माफी मागितली की छातीवरचा भार हलका होतो. तसं काही झालं नाही. मी दाणे खाल्ले आणि घरी आलो.

आता मी फार बदललो, असा दावा नाही. थट्टेची खोड पूर्ण गेलेली नाही. फक्त कुणाच्या पायावर गाठ दिसली, तोंड आलं असं कुणी म्हणालं, की मी आधी पोटाचं विचारतो. लग्नाच्या मांडवातसुद्धा. बायको मला कोपराने ढोसते. लोकांना वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

अक्काला दर महिन्याला दवाखान्यात दाखवायला न्यावं लागतं. दाजींची पाळी असते म्हणून ते काम माझ्याकडे आहे. मी स्कूटरवर नेतो, केसपेपर काढतो, तिच्या हातात फाईल देतो आणि दाराबाहेरच्या बाकावर बसतो. आत जात नाही. मला कोणी तसं सांगितलेलं नाही, मीच ठरवलं. आणि मनातून मला वाटायचं, एक दिवस ती वळून म्हणेल, "चल की आत." त्या एका शब्दासाठी मी दर महिन्याला जात होतो म्हटलं तरी चालेल.

गेल्या खेपेला नेहमीची डॉक्टरीण रजेवर होती. दुसरी कुणी नवी होती. तिच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. नव्या डॉक्टरणीने फाईल चाळली असावी. मग म्हणाली, "आजी, गोळ्या थोड्या बदलायच्यात. सोबत कोण आलंय? त्यांना आत बोलवा, म्हणजे समजावून सांगते."

मी बाकावरून अर्धा उठलोसुद्धा.

"कोन न्हाय," अक्का म्हणाली. "एकटीच आलेय. मला सांगा, मी करते बरुबर."

"बरं. मग सांगा, संडासला किती वेळा जावं लागतं?"

"आता दोन डाव. पैलं धा-बारा डाव हुतं. रगत हुतं, कळा हुत्या. रातीला उटून जायाला भ्या वाटायचं, वाटंतच हुईल म्हणून." तिचा आवाज स्वच्छ होता, घाई नव्हती. "जेवायला बसायचंच सोडलं हुतं मी मान्सात."

"किती वर्षांपासून होतं हे?"

"धा वर्सं झाली की."

दहा वर्षं. मी तेव्हा रोज सकाळी पांढरा शर्ट घालून लोकांच्या जखमा बघायला जात होतो आणि ती दोन गल्ल्या पलीकडे होती. आत डॉक्टरीण तिला गोळ्यांचं सांगत होती आणि अक्का प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणत होती, मधूनच थांबवून पुन्हा विचारून घेत होती. तिला कुणाची गरज नव्हती. तपासणी संपत आली तसा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी पटकन उठलो, जिना उतरलो आणि फाटकाबाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे पडदा सरकवून डॉक्टरीण बाहेर आलीच तर अक्काचं बोलणं खोटं पडायला नको.